मागच्या शॉकअपचा आकडा

माझ्या धंद्याचं नाव सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग आपल्या नातवाची गाडी काढतो. "आमच्या चिंटूची गाडी एका बाजूला ओढते हो, जरा बघाल?" मी बघत नाही. हाडांच्या डॉक्टरला लग्नात गाठून कुणी बाहुलीचा हात जोडून मागत नाही. माझ्याकडे मात्र मागतात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी तर गणपतीत माईकवरून माझी ओळखच करून दिली होती : "खेळणी दुरुस्त करणारे आपले तांडेल!" पुढच्या वर्षीपासून मी आरतीला शेवटच्या रांगेत उभा राहतो आणि त्यांच्या स्कूटरचा शॉकअप गळतोय हे त्यांना सांगत नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागितला तेव्हा मी आधीच बोलून घेतलं, की अध्यक्षांनी माईकवरून वापरला तो शब्द एकदाही छापायचा नाही. बाई म्हणाल्या, "मग वाचकांना कळणार कसं?" घासाघीस झाली. एकदाच छापायचा, तोही अध्यक्षांच्या तोंडी, असं ठरलं. वर तो आलेला आहे. विषय संपला.

तर धंदा असा. रिमोटवर पळणाऱ्या रेसिंगच्या गाड्या असतात. हातभर लांब, मातीच्या ट्रॅकवर पळतात आणि पाम बीच रोडवरच्या मोटारसायकलीला लाजवतील अशा पळतात. ट्रॅकवर उंचवटे असतात, उड्या असतात, पिळलेली वळणं असतात. चालवणारा बाजूच्या मचाणावर रिमोट घेऊन उभा असतो. गाडी पळवणं त्याचं काम. ती उडी मारून खाली आल्यावर चार चाकांवर उभी राहावी, कासवासारखी पाठीवर पडू नये, हे माझं काम. टाळ्या कुणाला मिळतात हे सांगायची गरज नाही.

गाडीच्या प्रत्येक चाकाला एक शॉकअप. बोटभर नळी, तिच्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि बाहेरून स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की दट्ट्या तेलातून सरकतो. तुपाच्या बरणीत चमचा मे महिन्यात फिरवा आणि जानेवारीत फिरवा, म्हणजे तुम्हाला माझा निम्मा धंदा कळला. तेल पातळ असेल तर चाक झटकन हलतं, घट्ट असेल तर रेंगाळतं. तेलाच्या बाटलीवर आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट. पुढच्या चाकांना किती आकड्याचं तेल, मागच्यांना किती, यावर गाडी शर्यत जिंकते किंवा झुडपात जाते. मागे नको तेवढं घट्ट तेल भरलं तर उंचवट्यावर मागची चाकं जमीन सोडतात, आणि गाडी स्वतःच्या शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखी गोल फिरते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी आठवीपर्यंत शिकलो. त्यानंतर तुर्भ्याला एका उस्तादाकडे स्कूटरचे शॉकअप खोलायला लागलो, पुढे करावे गावात स्वतःचा गाळा टाकला. मग लोकांनी शॉकअप दुरुस्त करणं सोडून नवीनच बसवायला सुरुवात केली, आणि माझ्या हातातली कला मोडीत निघाली. तेव्हा वाशीचे एक दातांचे डॉक्टर, नाडकर्णी, हातभर गाडी घेऊन दारात उभे राहिले. "तांडेल, हा शॉकअप गळतो. एवढा छोटा जमेल?" मी म्हटलं, "डॉक्टर, दाढेपेक्षा मोठा आहे, जमेल." तिथून सुरुवात.

नाडकर्णी माझे पहिले गिऱ्हाईक आणि आजतागायतचे सर्वांत हट्टी. वळणावर गाडी झुकते, म्हणून चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली ठेवावी लागतात, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. डॉक्टरांना ते सोसेना. "मी दिवसभर वाकडं सरळ करतो आणि तुम्ही सरळ वाकडं करता?" त्यांनी घरी जाऊन चारही चाकं काटकोनात उभी केली. रविवारी गाडी पहिल्याच वळणाला सरळ निघून गेली आणि चहावाल्याच्या स्टोव्हखाली विसावली. मी फक्त कटिंग मागवला आणि त्यांच्या नावावर सांगितला.

दुसरे एक बिल्डर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्याच इमारतीत माझ्या मेहुणीचा फ्लॅट आहे आणि गळतीचं काम अजून व्हायचं आहे. जगातलं सगळ्यात महाग ते सगळं त्यांच्या गाडीत. सोनेरी स्प्रिंगा, जांभळे स्क्रू. गाडी त्यांना जमिनीला टेकेल इतकी खाली हवी होती, कारण घरची परदेशी मोटार तशी दिसते. मी सांगितलं, "शेठ, ही उड्या मारणारी गाडी आहे. पोट घासलं की संपलं." ते म्हणाले, "तांडेल, दिसायला पण काहीतरी पाहिजे ना." दिसायला फार छान होती. उलटी पडल्यावर सोनेरी स्प्रिंगा लांबूनही चमकायच्या.

आमचा ट्रॅक सीवूड्सच्या पलीकडे खाडीच्या कडेला आहे. वर माती, मातीखाली भराव आणि भरावाखाली खाडी. माझे वडील याच खाडीत मासेमारी करायचे. म्हणून मला एक गोष्ट कळली, जी परदेशी पुस्तिकांत लिहिलेली नसते आणि आमच्या क्लबच्या अध्यक्षांना, प्रधानसाहेबांना, कळलेली नव्हती. ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत, त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्यांना माहीत असतात आणि कळत नाहीत. गोष्ट अशी : अष्टमीच्या आसपास भरती मवाळ असते, त्याला आम्ही भांग म्हणतो. तेव्हा ट्रॅक दुपारी कोरडा, भुरभुरीत. पुनवेला आणि अवसेला उधाण. भर दुपारी पाणी चढतं, भरावाखालून ओल वर येते, आणि तीच माती चाकाला धरून ठेवते. पकड वाढली की तेल जरा घट्ट लागतं. म्हणून मी गाडीला हात लावण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो. प्रधानसाहेब म्हणायचे, "आमचे मेकॅनिक मुहूर्त काढून तेल भरतात." सगळे हसायचे. मीही हसायचो. हसणाऱ्याकडे कुणी फार बारकाईने बघत नाही.

वडिलांकडून आणखी एक गोष्ट घेतली. संध्याकाळी बंदरावर कुणी विचारलं, "आज कुठं लागली रे मासली?" तर वडील खाडीचं एक वळण सोडून पुढची जागा सांगायचे. मला म्हणायचे, "खरी जागा सांगलीस तं उद्या तुझ्या आदी दुसऱ्याची होरी तिथं हाय म्हून समज." सगळे असंच करायचे. विचारणाराही एक वळण वजा करूनच ऐकायचा. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं.

मी तेच माझ्या वहीत केलं. प्रत्येक गाडीचं सेटिंग मी लिहून ठेवतो : स्प्रिंग, चाकांचा कल, जमिनीपासून उंची, तेल. सगळं खरं. फक्त मागच्या शॉकअपच्या तेलाचा आकडा दहाने वाढवून. मागे तीसचं तेल भरलं असेल तर वहीत चाळीस. वही कुणी पळवली, पानाचा फोटो काढला, तर खुशाल काढा. पुढे चाळीस, मागे चाळीस, वाचायला किती सुबक दिसतं. गाडी पळवा आणि कुत्रं बघा.

आता सुजाता.

सुजाता जाधव नेरूळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. माहेर जालन्याकडचं. नवरा रिक्षा चालवतो, घणसोली गावात भाड्याची खोली. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिची गाडी थर्माकोलच्या डब्यात होती, ज्यातून नमुने नेतात तसल्या. डब्यावर लिहिलेलं : हलवू नये. गाडी कुणीतरी वापरून फेकलेली, तिने स्वस्तात उचललेली.

"काका, हिला पळण्यासारखी करायचीय."

मी भाव सांगितला. ती काही बोलली नाही. स्टुलावर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आयुष्यभर मी घासाघीस केली आहे, पण गप्प बसणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला उस्तादाने शिकवलं नव्हतं.

"बाई, बोला ना काहीतरी," मी शेवटी म्हटलं.

"तुमच्या फळीवर त्या इंग्रजी पुस्तिका आहेत. त्यांच्यावर धूळ आहे."

"मग?"

"वाचून दाखवीन. दर रविवारी दोन तास. मराठीत सांगीन. बदल्यात तुम्ही गाडी बघायची."

मी म्हटलं तीन तास. ती म्हणाली अडीच, आणि चहा तुमचा. सौदा झाला. त्या सौद्यात मी हरलो असं मला तेव्हा वाटलं होतं. सहा वर्षं दर रविवारी ती वाचायची, मी स्क्रू आवळायचो, आणि मग दोघं मिळून त्या परदेशी साहेबांना नावं ठेवायचो, ज्यांना ऊन म्हणजे काय हे माहीत नाही. आणि बाईचा हात! शिरेत सुई घालणारा हात रिमोटवर असा चालायचा की गाडी उडीवरून उतरताना आवाजही करायची नाही. क्लबात ती जिंकायला लागली. लोक विचारायचे, "मॅडम, सेटिंग काय?" ती म्हणायची, "काकांना विचारा." मी म्हणायचो, "आज तिथी काय आहे?"

तिच्या गाडीचं पान मी तिला वहीतून फाडून दिलं होतं. तिने ते तिच्या लॅबच्या सुवाच्य अक्षरात उतरवून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. पुढे चाळीस, मागे चाळीस. हो, तिलासुद्धा मी खोटाच आकडा दिला. तेल मीच भरायचो, तिला काय फरक पडणार होता?

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ट्रॅकवर गेलो तर शेडमध्ये फलक. रंगीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मथळा : 'सुजाता सेटिंग'. खाली माझं पान, जसंच्या तसं. स्प्रिंग माझी, चाकांचा कल माझा, उंची माझी. नाव तिचं. प्रधानसाहेब शेजारी उभे राहून लोकांना समजावत होते, "बघा, याला म्हणतात शास्त्रीय पद्धत. तिथी नाही, मुहूर्त नाही."

माझं डोकं गरम आहे हे करावे गावात शेंबडं पोरही सांगेल. सुजाता स्कूटरवरून उतरत होती, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. मी तिथंच सुरू झालो. "सहा वर्षं शिकलीस आणि नाव स्वतःचं लावलंस? लाज नाही वाटली? माझ्या गाळ्याची पायरी पुन्हा चढायची नाही!" ती हेल्मेटच्या आतून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मी ऐकायला थांबलोच नाही.

पुढची दोन वर्षं फार मजेची गेली असं मी लोकांना सांगत असे. फलकावरचं सेटिंग सगळ्यांनी उतरवून घेतलं आणि मागे चाळीसचं तेल भरलं. रविवारी दुपारी बघावं तर उंचवट्यावर गाड्या गरगर फिरतायत, जणू जत्रेतला पाळणा. मग त्या दुरुस्तीला माझ्याकडे. नाडकर्णी महिन्यातून एकदा यायचे. "तांडेल, अजून फिरतेच हो." मी म्हणायचो, "सुजाता सेटिंग ना? मग बरोबरच असेल." तुटलेलं बदलून द्यायचो आणि तेलाबद्दल अवाक्षर काढायचो नाही. सुजाताची गाडी मात्र पहिल्यासारखीच पळत होती. लोक बोलायला लागले : फलकावर एक लिहिते, स्वतः भलतंच भरते. खोटारडी. कुणी तोंडावर विचारलं की ती म्हणायची, "माझी उतरवताना चूक झाली." मग खरा आकडा काय? "तो मी नाही सांगू शकत." झालं! मग तिच्या टेबलाशेजारी कुणी टेबल मांडेना. मी समोरून सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, भोग. चोरीचा माल पचत नाही.

हे मी असं लिहितोय कारण तेव्हा मला असंच वाटत होतं. आता काय वाटतं ते विचारू नका, संपादकबाईंनी शब्द मोजून दिले आहेत.

या वर्षीची मोठी शर्यत पुनवेला आली. जिंकणाऱ्याची गाडी क्लबतर्फे बाहेरगावच्या स्पर्धेला जाणार होती, आणि एकच जाणार होती. सुजाताने त्यासाठी लॅबमध्ये वर्षभराच्या रजा साठवल्या होत्या, असं चहावाल्याने मला न विचारता सांगितलं. उपांत्य फेरीत तिची गाडी पहिली आली, पण शेवटच्या उडीवर मागून एकाची धडक बसली आणि ती कठड्याच्या खांबावर आदळली. मागच्या डाव्या शॉकअपची दांडी वाकली. दांडी म्हणजे दट्ट्या जिच्या टोकाला असतो ती सळई. ती वाकली की शॉकअप हलत नाही. अंतिम फेरीला पाऊण तास.

तिची गाडी जुनी, दांडी दुकानात मिळत नाही. नाडकर्णींकडे तशी होती. ती त्यांच्याकडे गेली.

"सॉरी हं, मलाच लागली तर?" डॉक्टर गाडीकडे बघत म्हणाले. तिच्याकडे नाही.

मग ती बिल्डरांकडे गेली. "मॅडम, फलकावर बघा ना. त्यात लिहिलं असेल काय करायचं ते." त्यांच्या आजूबाजूचे चार जण हसले.

ती परत आली, टेबलावर वाकडी दांडी ठेवली आणि पहिल्या दिवशी बसली होती तशी गप्प बसली.

दांडी माझ्या पेटीत होती. मी उठलो. मदत करायला उठलो असं कुणी समजू नये. मी सौदा करायला उठलो होतो. दोन वर्षं मी या संधीची वाट बघत होतो.

"दांडी आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"माहितीये. डाव्या कप्प्यात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात."

"दोन वर्षांत जागा बदलली असेल."

"बदलली?"

"नाही."

ती वर बघेना. मी म्हटलं, "देतो. पण आत्ता, इथे, सगळ्यांसमोर सांगायचं. सेटिंग कुणाचं होतं ते."

"सांगते," ती म्हणाली. "पण मग पुढचा प्रश्न येईल, काका. मागे चाळीस कुणी लिहिलं?"

मी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते बघितलं.

"तुला काय माहीत?"

"पहिल्याच वर्षी कळलं. शॉकअप गळला होता तेव्हा तुमचं तेल काचेच्या नळीत घेतलं आणि थेंब मोजले. शेजारी बाटलीतलं चाळीसचं. दिवसभर तेच तर करते मी. तुमचं तेल तीसचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवलंत म्हणजे काहीतरी असेल. तुमची वही."

"आणि फलक? त्यावर नाव कसं लावलंस स्वतःचं?"

"मी नाही लावलं. प्रधानसरांनी डब्याच्या झाकणाचा फोटो काढला. अक्षर माझं, म्हणून नाव माझं. मी त्या दिवशी तुम्हाला तेच सांगत होते." ती थांबली. "नंतर बदलून घेणार होते. पण काय लिहायला सांगू? खोट्या आकड्याखाली तुमचं नाव कसं घालू? आणि खरा आकडा तुम्हाला विचारल्याशिवाय कसा देऊ? तुम्ही तर पायरी चढू देत नव्हतात."

मी आयुष्यात खूप भाव केले. समोरच्याचा पत्ता बघितला की आपला कोणता टाकायचा हे मला कळतं. त्या दिवशी माझ्या हातात पत्ताच नव्हता. दोन वर्षं ती माझ्या आकड्यापायी खोटारडी म्हणवून घेत होती आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

"सरक," मी म्हटलं. "वेळ नाही."

पेटी आणली. शॉकअप खोलला, वाकडी दांडी काढली, नवी घातली. मग तेलासाठी हात पुढे केला तर तिने बाटली आधीच काढून ठेवलेली. पस्तीस.

"तीस का नाही?" मी विचारलं.

"पुनव आहे ना काका. पाणी चढतंय."

मी बाटलीचं झाकण उघडलं. तेलात बुडबुडा राहिला तर शॉकअप फसवतो, म्हणून दट्ट्या हळूहळू खालीवर करायचा आणि बुडबुडे वर येऊ द्यायचे. त्या कामात घाई चालत नाही आणि बोलायचं नसतं. बरं झालं.

ती जिंकली. शेवटच्या फेरीत बिल्डरांची गाडी पुढे होती, पण खाडीकडच्या वळणावर माती ओली झाली होती. त्यांची गाडी तिथे जास्त पकड घेऊन एका कुशीवर गेली आणि सुजाताची दोरीवरून चालल्यासारखी निघाली. यात माझं श्रेय मी घेणार नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही हा लेख लक्ष देऊन वाचलेला नाही. पण अर्धंच घेतो. वळण तिने मारलं.

बक्षीस देताना प्रधानसाहेबांनी माईक घेतला. "सुजाताताई, आता तरी सांगा, तेल किती भरलं होतं? आणि या वेळी खरं सांगा हं!" शेड हसली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. माईक घेतला आणि म्हणाली, "सर, मागच्या वेळी माझीच चूक…"

माझं डोकं गरम आहे, हे वर लिहिलं आहेच. कुणी शहाण्याने चार गोष्टी समजावल्या असत्या तर मी त्या दिवशी उठलो नसतो. पण ती पुन्हा माझं खोटं स्वतःच्या नावावर घेतेय हे ऐकलं आणि मी खुर्ची पाडूनच उभा राहिलो.

"चूक तिची नाही! चाळीस मी लिहिलं! मुद्दाम लिहिलं! मागे तीस लागतं, उधाणाला पस्तीस. घ्या लिहून! सेटिंग माझं, खोटंही माझं. तिने फक्त गप्प बसायचं काम केलं, जे इथे कुणालाच येत नाही. मलाही!"

नाडकर्णी सावकाश उठले.

"तांडेल, म्हणजे दोन वर्षं तुमच्या आकड्याने माझी गाडी आपटायची, आणि दुरुस्तीला तुमच्याकडेच यायची?"

"हो."

"आणि तुम्ही मला काहीच बोलला नाहीत?"

"डॉक्टर, तुम्ही तिला दांडी दिली नाहीत. बसा खाली."

ते बसले. नंतर दोन महिने माझ्याकडे आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आले. एवढ्या छोट्या गळतीला हात घालणारा दुसरा कुणी नाही.

प्रधानसाहेबांनी नवीन फलक छापायची तयारी दाखवली. "तुमचं नाव मथळ्यात घालू, तांडेल." दोन वर्षं मी याच वाक्यासाठी जळत होतो. मी म्हटलं, नको. जुनाच राहू दे. पेन घेतलं, मागचं चाळीस खोडलं, तीस लिहिलं, शेजारी 'पुनव-अवस पस्तीस'. मथळा तिचाच ठेवला. सुजाता म्हणाली, "काका, तुमचं नाव आल्याशिवाय मी फलक इथे राहू देणार नाही." घासाघीस झाली. शेवटी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं : 'खाडाखोड : तांडेल'. तो फलक अजून आहे, येऊन बघा. चहावाला स्टोव्ह आता जरा लांब ठेवतो.

वडिलांनी मलाही मासळीची खरी जागा कधी सांगितली नाही. एक वळण सोडूनच सांगायचे, आणि मी तरुणपणी तिथेच जाळं टाकून रिकामा परत यायचो. मला वाटायचं, मोठा झालो की सांगतील. ते गेले, मग खाडीत भराव पडला. त्या जागांपैकी एखादी आमच्या ट्रॅकच्या बरोबर खाली असेल. असेल किंवा एक वळण पुढे असेल. आता कोण सांगणार?

सुजाता पुन्हा रविवारी येते. सौदा तोच, अडीच तास, चहा माझा. आता वाचन संपल्यावर ती माझी वही नवीन कोऱ्या वहीत उतरवून घेते. मी पान काढतो आणि एकेक आकडा मोठ्याने सांगतो. मागच्या शॉकअपशी आलो की माझी जीभ अजूनही जुन्याच वाटेने जाते. "मागे चाळीस," मी म्हणतो.

ती मान वर न करता तीस लिहिते.